अपस्केल: फोटो मोठा करणारं फुकट सॉफ्टवेअर कुठवर साथ देतं

आजोबांचा एकच फोटो शिल्लक असतो, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतला, आणि वर्षश्राद्धाच्या आत तो १२×१८ इंचांच्या फ्रेममध्ये हवा असतो. फोटो मोठा करणाऱ्या सॉफ्टवेअरकडे लोक वळतात ते बहुतेक अशा वेळी. त्यातलं सर्वांत सहज मिळणारं आणि खरोखर फुकट असलेलं सॉफ्टवेअर म्हणजे अपस्केल (Upscayl). सोर्स कोड खुला आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि फोटो तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. घरच्यांचे फोटो कुठल्याशा वेबसाइटवर चढवायला ज्यांचं मन घेत नाही त्यांना एवढं एक कारणही पुरे.

आमचं मत आधीच सांगतो. वाडा, देऊळ, झाडं, कापड, भांडी, विक्रीच्या वस्तूंचे फोटो, हाताने काढलेली चित्रं यांसाठी दुपटीपर्यंत निःशंक वापरा, चौपटीपर्यंत तपासून वापरा. गर्दीतला छोटा चेहरा, पाटीवरची अक्षरं आणि गाडीचा नंबर यांसाठी त्याच्यावर विसंबू नका. हेच पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे, कारण अडचण मुळात लहान फोटोतच आहे.

जुन्या मोबाइलचा व्हीजीए फोटो घ्या. ६४०×४८० म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. तो चौपट केला की २५६०×१९२०, म्हणजे ४९,१५,२०० पिक्सेल होतात. दर १६ पिक्सेलमागे १५ पिक्सेल कुणीतरी ठरवून भरलेले असतात. फोटोशॉप किंवा गिम्पमधली बायक्युबिक ही जुनी पद्धत आजूबाजूच्या १६ पिक्सेलांचा हिशेब करून मधली जागा भरते. फोटो मऊ पडतो, पण त्यात नवीन काही घुसत नाही. अपस्केलच्या पोटात रिअल-ईएसआरगॅन नावाचं तंत्र आहे, ते टेन्सेंटच्या एआरसी लॅबमधून २०२१ मध्ये आलं. त्याला शिकवताना चांगले मोठे फोटो मुद्दाम धूसर केले, लहान केले, त्यात दाणे मिसळले, जेपेगने दाबले, आणि हे सगळं त्याच फोटोवर पुन्हा एकदा केलं. मग त्या बिघडवलेल्या फोटोवरून मूळचा ओळखायला लावलं. त्यामुळे अशा जागी बहुतेक वेळा काय असतं हे त्याला छान कळतं. तुमच्या फोटोत त्या जागी काय होतं, हे कळायला त्याच्याकडे काहीच साधन नाही. विटांच्या भिंतीत याने फरक पडत नाही, कारण एक वीट दुसरीसारखीच असते. चेहऱ्यात पडतो.

वापरायला अवघड काही नाही. फोटो निवडायचा, मॉडेल (म्हणजे फोटोंवर शिकवून तयार केलेला अंदाज करणारा प्रोग्रॅम) निवडायचं, आउटपुट फोल्डर द्यायचा आणि बटण दाबायचं. निकाल आला की मधली पट्टी सरकवून आधीचा आणि नंतरचा फोटो ताडून पाहता येतो. कॉम्प्युटरची ग्राफिक्स चिप व्हल्कन (चिपकडून काम करून घ्यायची एक प्रमाणित पद्धत) चालवणारी हवी, ही एकच खरी अट. साध्या लॅपटॉपमधल्या चिपवरही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. काम मधेच थांबलं किंवा निकाल म्हणून काळा चौकोन आला, तर बहुधा ग्राफिक्सची मेमरी अपुरी पडलेली असते. सेटिंगमध्ये टाइल साइझ आहे. फोटो किती मोठ्या तुकड्यांत कापून घ्यायचा ते तिथे ठरतं. तो आकडा २०० वर आणा, तरीही अडलं तर १०० वर. त्याहून खाली गेलात तर आकाशासारख्या सपाट भागात तुकड्यांचे सांधे दिसण्याची शक्यता वाढते. सेव्ह पीएनजीमध्येच करा. जेपेग फक्त शेवटी, छपाईला द्यायच्या प्रतीसाठी.

मॉडेलच्या यादीत लोक गोंधळतात. फोटोसाठी ‘अपस्केल स्टँडर्ड’पासून सुरुवात करा. ‘रेमाक्री’ पोत जरा जास्त शाबूत ठेवतं, म्हणून दगड, लाकूड, जुनं कापड यांना ते चांगलं. ‘अल्ट्राशार्प’ पहिल्या नजरेला सर्वांत भारी दिसतं आणि छापल्यावर सर्वांत लवकर डोळ्यात खुपतं. केसांच्या तारा होतात, गवताच्या सुया. ‘डिजिटल आर्ट’ चित्रांसाठी आहे, फोटोवर लावलं की गाल सपाट होतात आणि कडांना रेघ येते.

किती पट, हा प्रश्न मॉडेलपेक्षा महत्त्वाचा आहे. यातली मॉडेल्स चौपटीसाठी शिकवलेली आहेत. तुम्ही दुप्पट मागितलंत तरी आत आधी चौपट होतं आणि मग साध्या पद्धतीने निम्मं केलं जातं. हे तुमच्या फायद्याचंच आहे, कारण निम्मं करताना चुकलेले अंदाज आजूबाजूच्या पिक्सेलांत मिसळून दबतात. चौपटीच्या पुढचा आकार नुसता ताणून मिळतो, त्यात जास्तीचा तपशील येत नाही. ‘डबल अपस्केल’ची वाट तर फोटोसाठी टाळाच. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअरने जे मनचं घातलं, ते दुसऱ्या फेरीत खरं धरलं जातं आणि त्याच्यावर आणखी रचलं जातं. गालावरचा जेपेगचा डाग पहिल्या फेरीत सुरकुती होतो आणि दुसऱ्या फेरीत ती सुरकुती खोल जाते.

चेहऱ्याचा हिशेब

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं आणि बुबुळाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर. म्हणजे बुबुळ त्या अंतराच्या पाचव्या हिश्श्याहून किंचित लहान. फोटो १०० टक्क्यांवर उघडा आणि दोन बाहुल्यांमधले पिक्सेल मोजा. ६० भरले तर बुबुळाच्या वाट्याला ११ पिक्सेल येतात, पापणीची सावली आणि डोळ्यातली चमक वेगळी ओळखू येते. ३० भरले तर साडेपाच. १२ भरले तर दोन पिक्सेल, आणि जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा उभी-आडवी निम्मीच साठवलेली असते, म्हणजे बुबुळाचा रंग एकाच पिक्सेलवर उभा. माणूस समोर बघतोय की बाजूला, डोळे अर्धे मिटलेत की उघडे, हे त्या दोन पिक्सेलांत लिहिलेलंच नसतं. सॉफ्टवेअर मात्र पापण्यांसकट अख्खा डोळा काढून देतं.

म्हणून आमचा ठोकताळा असा आहे: अंतर ६० च्या वर असेल तर चेहऱ्यासकट चौपट करायला हरकत नाही. ३० ते ६० असेल तर दुप्पट, आणि मूळ फोटो मिसळून (कसा ते पुढे येतं). ३० च्या खाली चेहऱ्याला हात लावू नका, तेवढा भाग बायक्युबिकने वाढवलेलाच राहू द्या. लग्नातल्या गटफोटोत एका रांगेत दहाजण असतील आणि फोटो १६०० पिक्सेल रुंद असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला खांद्यासकट १६० पिक्सेल येतात. चेहरा त्याच्या निम्मा धरा. बाहुल्यांमधलं अंतर ३५-४० च्या पुढे जात नाही.

आता काय काय हरवतं ते बघा. जुन्या पिढीतल्या कित्येकांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असत. हे व्रण आणि फोटोतले दाणे यांच्यात मॉडेलला फरक करता येत नाही, ते पुसले जातात आणि गाल गुळगुळीत होतो. तीळ जातो. कुंकवाची कड ओळीत येते किंवा कपाळात विरघळते. नथीचे मोती नाकाला चिकटून ओठावरची सावली होतात. मंगळसूत्रातले काळे मणी एकमेकांत मिसळून एक काळी दोरी उरते. चष्म्याची काडी अर्ध्यातच संपते. यातलं एकेक छोटं आहे, पण घरची माणसं ओळखतात ती याच खुणांवरून. फोटो मोठा होऊन आल्यावर घरात कुणी म्हणालं की “छान आलाय, पण हे आबा वाटत नाहीत,” तर ते खरं मानावं आणि मागे यावं.

अपस्केलमध्ये चेहऱ्यासाठी वेगळं मॉडेल नाही. त्यासाठी लोक जीएफपीगॅन (टेन्सेंटच्याच लॅबचं, २०२१) किंवा कोडफॉर्मर (सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातलं, २०२२) वापरतात. ‘जुना फोटो नवा करा’ म्हणणाऱ्या अनेक सेवा याच जातीच्या तंत्रावर चालतात. ही मॉडेल्स एफएफएचक्यू नावाच्या, फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर शिकलेली आहेत. नथ घातलेले, फेटा बांधलेले चेहरे अशा संग्रहात तुरळकच असणार, आणि जे फारसं पाहिलेलं नाही ते मॉडेल पाहिलेल्याकडे ओढतं. याच संग्रहावर उभ्या असलेल्या तंत्राने काम करणारं ड्यूक विद्यापीठाचं पल्स हे सॉफ्टवेअर २०२० मध्ये गाजलं ते भलत्याच कारणाने: बराक ओबामांचा पिक्सेल पिक्सेल झालेला फोटो त्याला दिला, तर एका गोऱ्या माणसाचा स्वच्छ चेहरा बाहेर आला. तो चेहरा लहान करून पाहिला तर दिलेल्या फोटोशी जुळत होता. गणित बरोबर, माणूस दुसरा.

कोडफॉर्मरमध्ये निदान एक कळ आपल्या हातात आहे. डब्ल्यू हा आकडा ० ते १ ठेवता येतो. ० कडे नेला की चेहरा सुबक होतो, १ कडे नेला की मूळ फोटोशी इमान वाढतं. ओळखीच्या माणसासाठी ०.७ च्या खाली जाऊ नका. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: ही दोन्ही मॉडेल्स चेहरा कापून ५१२×५१२ पिक्सेलच्या चौकोनात बसवतात, तिथे काम करतात आणि परत चिकटवतात. तुमच्या फोटोतला चेहरा आधीच याहून मोठा असेल तर तुम्ही चांगल्या चेहऱ्याचं नुकसान करून घेताय.

अक्षरं आणि आकडे

देवनागरीचा मजकूर ही या मॉडेल्सची सर्वांत दुबळी बाजू आहे. शिरोरेषेवरचा अनुस्वार डाग समजून पुसला जातो, वेलांटी आणि मात्रा एकमेकींत मिसळतात. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातला फरक लहान फोटोत एखाद्या पिक्सेलचा असतो. निकालात अक्षरासारखं दिसणारं, ठसठशीत कडांचं असं काहीतरी येतं जे कुठल्याच लिपीत नाही. मात्रा धरून अक्षराची उंची १५ पिक्सेलच्या खाली असेल तर तो भाग वगळा. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलं होतं हे नक्की माहीत असेल आणि फोटो शोभेसाठीच हवा असेल, तर जुळत्या फाँटमध्ये ते नव्याने लिहून किंचित धूसर करून बसवणं जास्त प्रामाणिक आहे.

व्हॉट्सअॅपवर आलेला सातबारा, जुनं खरेदीखत, पावती अशा कागदांवर हे सॉफ्टवेअर मुळीच चालवू नका. धूसर आकडा वाचता येत नाही हे निदान कळतं. चुकीचा पण स्वच्छ आकडा कुणी दुसऱ्यांदा तपासत नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांतला दोष उघड केला होता, त्यात स्कॅन केलेल्या कागदावर ६ च्या जागी ८ येत होता, तोही अगदी सुबक. तिथे कारण वेगळं होतं: फाइल लहान करताना सारखे दिसणारे तुकडे एकच समजले जात होते. धोका मात्र हाच. कागद वाचता येत नसेल तर फेरस्कॅन किंवा नक्कलच मागवा.

सीसीटीव्हीतल्या नंबरप्लेटचंही तेच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात किंग काउंटीच्या न्यायालयाने २०२४ मध्ये एका खून खटल्यात एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. व्हिडिओ असेल तर त्यातूनच खरी माहिती काढायचा एक मार्ग आहे: गाडी उभी असतानाच्या १६ फ्रेम एकावर एक नेमक्या बसवून सरासरी घ्या, दाण्यांचा त्रास चौथ्या हिश्श्यावर येतो. फ्रेमगणिक कॅमेरा किंचित हलला असेल तर थोडा खरा तपशीलही वाढतो. इथे जे मिळतं ते मोजलेलं असतं.

शार्प करणं म्हणजे काय आणि किती

मोठं करणं आणि शार्प करणं या दोन गोष्टी लोक एकत्र करून टाकतात. अनशार्प मास्क हे फिल्टर फोटोची धूसर प्रत मूळ फोटोतून वजा करतं आणि उरलेला फरक वाढवून परत मिसळतं. कडेची एक बाजू गडद, दुसरी उजळ होते, डोळ्याला ती कड धारदार वाटते. तपशील तेवढाच राहतो. प्रमाण हुकलं की डोक्याभोवती पांढरी झालर उमटते, आणि लॅबच्या चकचकीत कागदावर ती स्क्रीनपेक्षा जास्त दिसते. मोठा करून झाल्यावर, छपाईच्या आकाराला, अमाउंट ८० ते १२०, रेडियस १ पिक्सेलच्या आसपास, थ्रेशोल्ड ३, एवढ्यात भागतं. क्रम मोडू नका. आधी शार्प करून मग अपस्केलला दिलं, तर त्या झालरीच वस्तूचा भाग समजून ते आणखी ठळक करतं.

फोकस चुकलेला किंवा हात हललेला फोटो शार्प होईल का? धूसरपणाचं रूप नेमकं माहीत असेल तर काही अंशी होतो. हबल दुर्बिणीचं उदाहरण याला चोख आहे. १९९० मध्ये ती अवकाशात गेल्यावर कळलं की मुख्य आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन जास्त घासली गेली आहे. एक तारा कसा फाकतो हे मोजता येत होतं, म्हणून रिचर्डसन-ल्यूसीसारख्या पद्धतींनी तो फाकलेपणा उलटा फिरवून बऱ्याच चित्रांना धार आणता आली. तरी अंधुक वस्तूंमध्ये दाणेच वाढत होते, आणि खरा इलाज १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केल्यावरच झाला. आपल्या घरगुती फोटोत हात कुठल्या दिशेने किती हलला ते कुणी मोजलेलं नसतं, आणि वर जेपेगने उरलासुरला तपशील खाल्लेला असतो. फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये ‘लेन्स ब्लर’ निवडून रेडियस दीड-दोन पिक्सेलपर्यंत नेल्यावर जे सुधारत नाही, ते त्याच्या पुढे बिघडतच जातं.

फ्रेमसाठी फोटो करायचा असेल तर

सर्वांत जास्त फरक सॉफ्टवेअर उघडण्याआधीच्या कामाने पडतो. व्हॉट्सअॅपवर साध्या दर्जात आलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर आणलेला आणि दाबलेला असतो. ज्याच्या मोबाइलमध्ये मूळ आहे त्याला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. एचडी हा पर्याय २०२३ पासून आहे, पण डॉक्युमेंटमध्ये फाइल जशीच्या तशी येते. कागदावरचा फोटो असेल तर फ्रेममधून बाहेर काढून ६०० पीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन करा. काचेवरून मोबाइलने टिपलेला फोटो अपस्केलला देऊ नका, ट्यूबलाइटची तिरीप ते चेहऱ्याचाच भाग समजतं. पासपोर्ट आकाराचा जुना फोटो १२०० ला स्कॅन केला तर साधारण १६५०×२१२५ पिक्सेल मिळतात आणि बहुतेक वेळा पुढे एआयची गरजच उरत नाही. रेशमी दाणेदार कागदावरचा फोटो असेल तर एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करा, दोन्ही एकावर एक बसवून निम्म्या-निम्म्या प्रमाणात मिसळा, कागदाचा दाणा बराच निवळतो. आणि कपाटात निगेटिव्ह असेल तर प्रिंट विसरा. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ३००० ते ४००० पीपीआयला स्कॅन झाली की त्यात प्रिंटपेक्षा कितीतरी जास्त सापडतं.

वर्तमानपत्रातल्या कात्रणाची वाट वेगळी. तिथे फोटो शाईच्या ठिपक्यांचा असतो आणि अपस्केल त्या ठिपक्यांची जाळी चेहऱ्यावर विणून देतं. इंचाला ८५ ओळींची छपाई असेल तर ६०० पीपीआयच्या स्कॅनमध्ये एक ठिपका सात पिक्सेलचा पडतो. डीस्क्रीन (ठिपके विरवणारी स्कॅनरची सोय) चालू करून स्कॅन करा, किंवा ठिपके विरतील इतका गॉशियन ब्लर द्या, फोटो १५०-१७० पीपीआयवर आणा आणि मग दुप्पट करा.

फाइल मोठी दिसते म्हणून ती खरोखर मोठी असेलच असं नाही. कुणीतरी आधीच ताणलेली ३००० पिक्सेलची फाइल पुष्कळदा हाती येते. तिची एक प्रत निम्मी करा, पुन्हा मूळ आकाराला वाढवा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. फरक दिसला नाही तर खरा तपशील निम्म्या आकाराचाच होता. अशा वेळी ती निम्मी केलेली प्रतच अपस्केलला द्या, निकाल स्पष्टपणे चांगला येतो.

मग किती पिक्सेल लागतात? लॅबवाले ३०० पीपीआय सांगतात, ते हातात धरून बघायच्या फोटोसाठी बरोबर आहे. त्या मापाने ४×६ ला १२००×१८००, ८×१२ ला २४००×३६०० आणि १२×१८ ला ३६००×५४०० पिक्सेल. पण चांगल्या नजरेला अंशाचा साठावा भाग वेगळा दिसतो, आणि त्यावरून गणित असं निघतं: ३४३८ ला इंचांतल्या अंतराने भागा, तेवढे पीपीआय पुरतात. एक फुटावरून २८६. चार फुटांवरून, म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभं राहून, ७२. लोक जवळ जाऊनही बघतात म्हणून दुप्पट धरा. १५० पीपीआयला १२×१८ साठी १८००×२७०० पिक्सेल लागतात. म्हणजे ९००×१३५० चा फोटो फक्त दुप्पट करायचा आहे. चौपटीच्या मागे धावायची गरज निम्म्याहून जास्त वेळा नसतेच. आणि मूळ इतका लहान असेल की दुपटीने भागत नाही, तर १२×१८ चा हट्ट सोडून ८×१२ छापा आणि रुंद पांढऱ्या माउंटमध्ये बसवा. भिंतीवर आकार तोच भरतो, चेहरा खरा राहतो. कागद मॅट घ्या, चकचकीत नको.

प्रत्यक्ष काम करताना दोन प्रती करा, एक अपस्केलची आणि एक बायक्युबिकची, दोन्ही नेमक्या एकाच पिक्सेल आकाराच्या. फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये बायक्युबिकची खाली, अपस्केलची वर. वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५०-६० टक्क्यांवर आणा. मास्क लावून चेहरे आणि हात यांच्यावर ती आणखी कमी करा, ३० टक्क्यांपर्यंत. साडीच्या काठावर नजर ठेवा: पैठणीच्या पदरावरचे मोर चौपटीत वेलबुट्टीसारखं काहीतरी होऊन बसतात, तिथेही ओपॅसिटी उतरवा. हे झाल्यावर सगळ्यावर एकरंगी गॉशियन नॉइज, म्हणजे बारीक दाणे, दोन टक्के द्या. याने कुठे एआय आहे आणि कुठे मूळ आहे हा भेद छपाईत जाणवत नाही, आणि कातडीला आलेला प्लास्टिकपणा जातो. शार्प सर्वांत शेवटी.

फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीचं फोटो मोठा करणारं सुपर रेझोल्यूशन २०२१ मध्ये कॅमेरा रॉ १३.२ बरोबर आलं. दोन्ही बाजू दुप्पट करतं, त्याहून जास्त नाही, आणि तोच त्याचा शहाणपणा आहे. रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने जेपेग न करता साठवलेल्या फाइलवर, त्याचा निकाल अपस्केलपेक्षा संयमी आणि विश्वासू असतो. दाबलेल्या जेपेगवर मात्र ते चौकोनी डागही वाढवून देतं, तिथे अपस्केल सरस. ज्यांच्याकडे फोटोशॉप आहेच त्यांनी कॅमेऱ्याच्या फाइलसाठी हे आणि व्हॉट्सअॅपच्या फोटोंसाठी अपस्केल असं वाटून घ्यावं.

स्टुडिओवाल्यांसाठी एक सूचना. अपस्केल फुकट असलं तरी त्यातली सगळी मॉडेल्स धंद्यासाठी खुली नाहीत. रेमाक्री, अल्ट्रामिक्स आणि अल्ट्राशार्प यांच्यापुढे बिगर-व्यावसायिक अशी नोंद आहे. कोडफॉर्मरचा परवानाही बिगर-व्यावसायिक आहे. जीएफपीगॅन अपाचे या व्यावसायिक वापराला मुभा देणाऱ्या परवान्याखाली आहे. गिऱ्हाइकाला फोटो देताना मूळ स्कॅन आणि वाढवलेली प्रत अशा दोन्ही फाइल्स द्या, दुसरीच्या नावात ‘एआयने वाढवलेला’ असं लिहा. दहा वर्षांनी घरातलं कुणी हाच फोटो पुन्हा मोठा करायला घेईल तेव्हा त्याला कुठल्या फाइलपासून सुरुवात करायची ते कळायला हवं.